पाचशे किलोमीटर उंचीचा पॉइंट

महाबळेश्वरला गेलात की टॅक्सीवाले काका पॉइंटांची यादी पुढे करतात. विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट, लॉडविक पॉइंट, आर्थर सीट, मुंबई पॉइंट... अर्ध्या दिवसात इतके, पूर्ण दिवसात तितके. प्रत्येक ठिकाणी कठड्याला टेकायचं, दरीत डोकवायचं, फोटो काढायचा, तिखटमीठ लावलेलं कणीस खायचं आणि चला पुढे. या यादीत एक पॉइंट कधीच नसतो. त्याची उंची आहे पाचशे किलोमीटर! तिथं जायला रस्ता नाही. तो एका जागी उभाही राहत नाही. महाबळेश्वरच्या डोक्यावरून दिवसात काही वेळा सुसाट निघून जातो, आणि खाली कुणाला पत्ताही लागत नाही.

थापा मारतोय असं वाटतंय? मग आधी मला सांगा, माणसं पॉइंटवर चढतात कशाला? लांबचं दिसावं म्हणून. बरोबर. पण जगात काही अशी अवली मंडळी आहेत, जी डोंगरावर चढतात ती लांबचं ऐकायला! त्यांना म्हणतात हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, घरात स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र उभारायचं आणि त्यावरून जगभरच्या दुसऱ्या हौशी लोकांशी गप्पा मारायच्या. या गप्पांचे पैसे घ्यायचे नाहीत, त्यावरून धंदा करायचा नाही. नुसती हौस. प्रत्येक हॅमला स्वतःचं एक खूणनाव मिळतं. भारतातली बरीचशी नावं 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात, म्हणून नाव ऐकताक्षणी समजतं की गडी आपल्याकडचा आहे.

हे लोक हातात मावणारा वॉकीटॉकीसारखा सेट वापरतात, तेव्हा त्यातून निघणाऱ्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. घाटाखाली पोलादपूरला उभा असलेला हॅम घाटापलीकडच्या वाईतल्या हॅमशी असं थेट बोलायला गेला, तर मध्ये अख्खा सह्याद्री छाती काढून उभा! म्हणून मग चढा डोंगर.

पण डोंगरावर चढून तरी किती लांब जाता येतं? यासाठी एक झकास सूत्र आहे. आपण समुद्रापासून किती मीटर उंच आहोत त्याचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते निघतं. दीड मीटर उंचीची मुलगी दापोलीच्या किनाऱ्यावर उभी राहिली, तर तिला समुद्र दिसतो साधारण साडेचार किलोमीटरपर्यंत. बस, एवढाच! आता महाबळेश्वरचा सर्वांत उंच विल्सन पॉइंट घ्या. उंची १४३९ मीटर. वर्गमूळ सुमारे ३८. गुणाकार केलात? समुद्राच्या बाजूचं क्षितिज आलं साधारण १३५ किलोमीटरवर. रेडिओलहरी हवेत किंचित वाकतात, त्यामुळे त्या आणखी थोड्या पुढे जातात. पण त्यानंतर पृथ्वीच खाली वळते. तिथून पुढचं ना दिसत ना ऐकू येत.

आता तोच गुणाकार पाचशे किलोमीटर, म्हणजे पाच लाख मीटर उंचीच्या डोंगरासाठी करा. उत्तर येतं अडीच हजार किलोमीटर. (इतक्या उंचीला हे सोपं सूत्र थोडं डळमळतं. नीट गणित केलं तर जमिनीवरून मोजलेलं अंतर सुमारे २४५० येतं. पण आपलं काम भागलं.) महाबळेश्वरच्या बरोबर माथ्यावर असा पॉइंट आला, तर तिथून एकाच वेळी 'दिसतं' उत्तरेला लेह, दक्षिणेला कोलंबो, पूर्वेला अंदमानातलं पोर्ट ब्लेअर आणि पश्चिमेला दुबई. दुबईतली मावशी आणि पोर्ट ब्लेअरचा काका, दोघांनी आपापल्या गच्चीवरून तोंड वर करून बोलायचं आणि वरच्या पॉइंटनं एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं. मध्ये तार नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही.

एवढा उंच डोंगर बांधायला कुणाला जमणार? डोंगर नाहीच बांधायचा. त्याच्या शिखरावर जो रेडिओ ठेवला असता, तेवढाच वर नेऊन सोडून द्यायचा. हाच हौशी रेडिओ उपग्रह. आणि असा एक उपग्रह महाबळेश्वरपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर, पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत, मुलामुलींनी बनवला.

त्याचं नाव 'स्वयम्'.

आकार? दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच. पट्टी घेऊन वहीवर दहा सेंटिमीटरचा चौकोन काढून बघा म्हणजे कळेल. वजन किलोभर. या मापाच्या उपग्रहाला क्यूबसॅट म्हणतात. जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी १९९९ मध्ये हे माप ठरवलं. विद्यार्थ्यांना शिकता शिकता खराखुरा उपग्रह बनवता यावा, हा त्यांचा हेतू. आज जगभर शेकड्यांनी क्यूबसॅट उडतात. मोठमोठ्या कंपन्यांनीही हे माप उचललंय. पण मूळ कल्पना वर्गातली, हे विसरू नका!

स्वयम्‌चं काम सुरू झालं २००८ मध्ये आणि तो उडाला २२ जून २०१६ रोजी, श्रीहरिकोटाहून, इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटमधून. म्हणजे आठ वर्षं! इंजिनियरिंगचं शिक्षण असतं चार वर्षांचं. ज्यांनी पहिली आकृती काढली ते केव्हाच पास होऊन नोकरीला लागले. त्यांच्यानंतरच्यांनी काम पुढे नेलं, मग त्यांच्याही नंतरच्यांनी. मला तर वाटतं, या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग हाच असणार. आपण सुरू केलेलं काम दुसऱ्याला इतकं नीट समजावून द्यायचं की आपण नसतानाही ते अडू नये. तुमच्या शाळेतला विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प पुढच्या वर्षीच्या वर्गाला सोपवून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते.

त्या दिवशी त्या रॉकेटमध्ये एकूण वीस उपग्रह होते. मुख्य पाहुणा होता कार्टोसॅट-२ मालिकेतला, सव्वासातशे किलोंचा. त्याच्या शेजारी आपला किलोभराचा स्वयम्.

आता हा डबा उघडून आत काय काय होतं ते पाहू. रेडिओ आला म्हणजे वीज हवी. क्यूबसॅटच्या अंगावर बाहेरून सौरपट्ट्या लावलेल्या असतात. पण दहा सेंटिमीटरच्या एका बाजूवर ऊन पडून वीज मिळून मिळून किती मिळणार? दोन वॉटच्या आसपास. त्यातही साधारण दीड तासाच्या प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाहून जास्त वेळ उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. तेव्हा सगळी भिस्त बॅटरीवर. म्हणून काटकसर! बहुतेक क्यूबसॅटचा ट्रान्समीटर वॉटभराचा, नाहीतर त्याहूनही कमी ताकदीचा असतो. वॉटभर म्हणजे किती, ते समजून घ्यायचं तर रात्री झोपताना लावायच्या छोट्या एलईडी दिव्याच्या खोक्यावर लिहिलेला आकडा वाचा. तेवढ्यात दुबई ते पोर्ट ब्लेअर!

मग अँटेना. इथे खरी गंमत आहे. ज्या लहरींवर हे उपग्रह बोलतात त्यांचे दोन पट्टे हॅम मंडळींच्या फार लाडके. एक १४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, त्याची एक लहर दोन मीटर लांब. दुसरा ४३५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, त्याची लहर सत्तर सेंटिमीटरची. साधी अँटेना लहरीच्या पाव लांबीची असली तरी चालते. म्हणजे एकीला हवी पन्नासेक सेंटिमीटरची काडी, दुसरीला सतरा-अठरा सेंटिमीटरची. आणि डबा तर दहाच सेंटिमीटरचा! शिवाय रॉकेटमध्ये चढताना बाहेर काहीही लोंबता कामा नये, असा सक्त नियम. करणार काय?

सुताराकडे असते ती स्टीलची मोजटेप आठवते? गुंडाळली की मऊ, सोडली की सपकन सरळ. जगातल्या कितीतरी क्यूबसॅटच्या अँटेना अशाच मोजटेपसारख्या पोलादी पट्टीच्या असतात, काहींच्या तर खऱ्याच मोजटेपच्या! पट्टी दुमडून डब्याला गुंडाळायची आणि मासे पकडायच्या गळाला असतो तसल्या नायलॉनच्या दोऱ्यानं बांधून टाकायची. उपग्रह अवकाशात सुटला की आतलं घड्याळ वेळ मोजतं, मग दोऱ्याला टेकलेली एक बारीक तार विजेनं तापते, दोरा जळतो आणि अँटेना उघडते. कोट्यवधींचं रॉकेट, आठ वर्षांची मेहनत, आणि शेवटी सगळं येऊन थांबतं एका दोऱ्यापाशी! दोरा जळलाच नाही तर उपग्रह जन्मभर मुका. म्हणून ही दोरा जाळायची तालीम जमिनीवर पुन्हा पुन्हा करतात, गरम खोलीत, गार खोलीत, हवा काढून घेतलेल्या पेटीत.

अँटेना उघडली, पण ती भलतीकडेच तोंड करून राहिली तर? मोठे उपग्रह स्वतःला वळवायला फिरती चाकं नाहीतर छोटी इंजिनं वापरतात. किलोभराच्या डब्यात ती चैन परवडत नाही. स्वयम्‌च्या मुलांनी चुंबक वापरला. होकायंत्राची सुई जशी आपोआप उत्तर-दक्षिण वळते, तसा चुंबक बसवलेला उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर स्वतःच वळतो. त्याचं डोलणं हळूहळू थांबावं म्हणून आत खास लोखंडी मिश्रधातूच्या कांड्या. वीज लागते शून्य! भारतातल्या उपग्रहाला स्थिर करायला ही बिनविजेची युक्ती वापरणारी म्हणून ही पोरं ओळखली गेली.

आणि एवढं करून स्वयम्‌चं काम काय? पोस्टमनचं. हॅम मंडळींचे निरोप एका ठिकाणाहून घ्यायचे आणि दुसऱ्या ठिकाणी द्यायचे.

त्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१६ ला, मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' उडाला. तो दहा किलोंचा, म्हणजे स्वयम्‌पुढे अगदी पैलवान. वरच्या वातावरणात किती इलेक्ट्रॉन भटकतात ते मोजायचं, हे त्याचं काम. पुढे १ जानेवारी २०२४ ला मुंबईच्याच के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं 'बिलीफसॅट-०' पाठवला. तो वेगळा उपग्रहसुद्धा नव्हता. पीएसएलव्ही रॉकेटचा शेवटचा टप्पा काम संपल्यावर भंगारात जातो. इस्रोनं म्हटलं, कशाला वाया घालवायचा? त्यावरच छोटी उपकरणं बसवून फिरवू. त्या टप्प्यावर बसून बिलीफसॅटनं पृथ्वीभोवती चकरा मारल्या आणि मार्च २०२४ मध्ये तो अख्खा टप्पा वातावरणात शिरून संपला. फुकटच्या सीटवरचा प्रवास तसा लहानच असायचा!

फुकटच्या सीटची ही परंपरा मात्र जुनी आहे. जगातला पहिला हौशी रेडिओ उपग्रह ऑस्कर-१ हाही असाच लिफ्ट मागून गेला. तारीख १२ डिसेंबर १९६१. युरी गागारिन अवकाशात जाऊन आला ते हेच वर्ष. कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी फावल्या वेळात बनवलेला हा साडेचार किलोंचा उपग्रह अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर, वजन भरायला ठेवतात त्या जागी बसवला होता. रॉकेटपासून बाजूला ढकलायला दुकानातून आणलेली साधी स्प्रिंग. त्याच्यावर सौरपट्ट्या नव्हत्या, नुसती बॅटरी. आणि तो बोलायचा काय? मोर्सच्या टिकटिकीत एकच शब्द, 'हाय'! चार टिंबं, जरा थांबायचं, दोन टिंबं. टेबलावर ठोकून बघा : टिक-टिक-टिक-टिक... टिक-टिक. आता त्यातली हुशारी ऐका. उपग्रह तापला की टिकटिकीचा वेग बदलायचा. म्हणजे खाली बसून नुसतं घड्याळ लावून 'हाय' मोजले की अवकाशातलं तापमान कळलं! वेगळा तापमापक नको, वेगळा सिग्नल नको. २८ देशांतल्या ५७० हॅमनी ते 'हाय' ऐकून कळवलं. तीन आठवड्यांत बॅटरी संपली, पण काय थाटात जगला गडी!

आपल्या इस्रोनं हॅम मंडळींसाठी ५ मे २००५ ला हॅमसॅट पाठवला. साडेबेचाळीस किलोंचा. त्यातला एक रेडिओ भारतीय हॅमनी बनवलेला, दुसरा नेदरलँड्‌समधल्या एका विद्यार्थ्यानं. हॅमसॅट ४३५ मेगाहर्ट्‌झवर ऐकायचा आणि त्याच क्षणी १४५ मेगाहर्ट्‌झवर बोलायचा. दोन वेगळे पट्टे का? कारण एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि बोलायचं ठरवलं तर त्याच्याच आवाजानं त्याचे कान बंद झाले असते. वर्गात तुम्ही स्वतः बोलत असताना बाईंचं काही ऐकू येतं का? नऊ वर्षं हॅमसॅट इमानेइतबारे काम करत राहिला. जुलै २०१४ मध्ये त्यानं बोलणं थांबवलं.

आता आपण ऐकणाऱ्याच्या बाजूला येऊ. समजा, तुम्ही महाबळेश्वरला एखाद्या हॅमकाकांबरोबर मोकळ्या पठारावर उभे आहात. पाचशे किलोमीटर उंचीचा पॉइंट येतोय. तो क्षितिजावर दिसतो, म्हणजे ऐकू येऊ लागतो, तेव्हा आपल्यापासून अडीच हजार किलोमीटर लांब असतो. डोक्यावर आला की फक्त पाचशे. एका सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त पळतो. पुण्याहून महाबळेश्वरला यायला गाडीला तीन तास लागतात, पसरणी घाटात कुणाला मळमळलं तर जास्तच. याला लागतात दहा सेकंद! या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा खेळ दहा-बारा मिनिटांत आटोपतो. तेवढ्यात 'हॅलो' म्हणायचं, नाव सांगायचं, निरोप द्यायचा आणि दुसऱ्यालाही वेळ द्यायचा. म्हणून उपग्रहावर हॅम मंडळी फार मोजकं बोलतात. घरच्या फोनवर तासतास बोलणाऱ्या आत्याला हे जमणार नाही.

वॉटभर ताकदीनं अडीच हजार किलोमीटरवरून आलेला सिग्नल तुमच्या अँटेनात पोचतो तेव्हा वॉटच्या दशलक्षाव्या भागाचाही दशलक्षावा भाग उरलेला नसतो. तरी ऐकू येतो! कारण हॅमकाकांच्या हातात असते यागी अँटेना. जुन्या घरांच्या कौलांवर दूरदर्शनसाठी आडव्या कांड्यांची अँटेना असायची, तीच ही. यागी आणि उदा या जपानी शास्त्रज्ञांनी शंभरेक वर्षांपूर्वी शोधली. ती जिकडे रोखाल तिकडचंच जास्त ऐकते. त्यामुळे उपग्रह जसा सरकेल तसा हातही सरकवत राहायचा. न दिसणाऱ्या उपग्रहामागे अँटेना फिरवणारा माणूस बाकीच्या पर्यटकांना जरा वेडाच वाटतो, पण त्याला इलाज नाही.

आणखी एक भानगड. घाटात हॉर्न वाजवत एसटी जवळ येते तेव्हा हॉर्नचा सूर चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. ऐकलंय? रेडिओलहरींचंही तसंच. ४३७ मेगाहर्ट्‌झवर बोलणारा उपग्रह आपल्याकडे येताना त्याची लहर दहा किलोहर्ट्‌झपर्यंत वर सरकते, लांब जाताना तेवढीच खाली. म्हणून अँटेना फिरवता फिरवता दुसऱ्या हातानं रेडिओचं बटणही फिरवायचं. तिसरा हात असता तर वही धरायला कामी आला असता.

महाबळेश्वर म्हटलं की तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच, 'पण धुकं असलं तर?' पावसाळ्यात इथे समोरचा कठडा दिसत नाही. २०२१ च्या जुलैत तर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता! तरी काळजी नको. पावसाचा थेंब असतो काही मिलिमीटरचा आणि आपली लहर दोन मीटरची, नाहीतर सत्तर सेंटिमीटरची. एवढ्या मोठ्या लहरीला एवढासा थेंब जाणवतही नाही. धुक्यातून, पावसातून ती आरामात निघून जाते. लहर लहान केली की मात्र थेंब आडवे येतात. साताऱ्याच्याच मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं एक रडार बसवलं होतं. त्याची लहर तीन सेंटिमीटरच्या आसपासची. ती थेंबांवर आदळून परत यावी, हाच तिथे हेतू! त्यावरून पाऊस कुठे आणि किती, ते कळतं. त्याच संस्थेची महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही आहे. इतरांना ढग बघायला मान वर करावी लागते. इथे ढगच खिडकीशी येतात, म्हणून ती इथे.

तीन सेंटिमीटरवरून आठवलं. सगळे हौशी पॉइंट काही पळपुटे नाहीत. एक आहे अगदी जागचा न हलणारा. कतार देशाच्या एशहेल-२ या टीव्हीच्या उपग्रहावर हॅम मंडळींना एक कोपरा मिळालाय. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो उडाला. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी दिसतो. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे हॅम त्याच्यावरून दिवसरात्र गप्पा मारतात. महाबळेश्वरहून तो कुठे असतो माहीत आहे? हिवाळ्यात मुंबई पॉइंटवर सगळे सूर्यास्त बघायला जमतात ना, त्याच बाजूला, क्षितिजापासून साधारण ३२ अंश वर. तुमच्या गच्चीवरची टीव्हीची छत्री जिकडे बघते तिकडे तो नाही. त्याला ऐकायचं तर तसलीच छत्री कोकणाकडे तोंड करून लावावी लागेल. पण तो बोलतो तीन सेंटिमीटरच्या लहरींवर. तेव्हा महाबळेश्वरच्या धो धो पावसात त्याचा आवाज खोल जाणार, हे आता तुम्हीच मला सांगाल!

त्याला ऐकायला छत्रीचीही गरज नाही म्हणा. इंग्लंडमधल्या गूनहिली इथे हॅम मंडळींनी एक रेडिओ कायम लावून ठेवलाय, तो इंटरनेटवरून कुणालाही ऐकता येतो. आईबाबांना सोबत घेऊन ऐका. सुरुवातीला नुसती खरखर आणि बदकासारखे आवाज येतील. बटण हळूहळू सरकवत जा, बदकाचा माणूस होतो.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हॅम रेडिओ आहे. जुलै २०२५ मध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथे होते, तेव्हा त्यांनी हॅम रेडिओवरून भारतातल्या शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. कधीकधी या स्थानकावरून चित्रंही पाठवतात, आणि तीही आवाजाच्या रूपात! चिर्र-चिर्र, पी-पी असं काहीतरी ऐकू येतं. फोनमधल्या ॲपला ते ऐकवलं की दोनेक मिनिटांत एकेक ओळ करत चित्र उमटतं.

आणि आता माझा लाडका. ऑस्कर-७. हा उडाला १५ नोव्हेंबर १९७४ ला. साडेसहा वर्षं छान चालला, मग १९८१ मध्ये त्याच्या बॅटरीत शॉर्टसर्किट झालं आणि तो गप्प झाला. मेला, असं सगळ्यांनी धरून चाललं. एकवीस वर्षं गेली. २१ जून २००२ ला एका हॅमला त्याच्या जागेवर ओळखीची टिकटिक ऐकू आली. ऑस्कर-७ बोलत होता! झालं होतं असं : खराब बॅटरीतला शॉर्ट झालेला भाग कुजून कुजून तुटला. आता सौरपट्ट्यांची वीज बॅटरीत न मुरता थेट रेडिओला मिळू लागली. त्यामुळे तो ऊन असेल तेव्हा जागा होतो आणि सावलीत शिरला की झोपतो. दुरुस्तीला कुणी गेलं नाही. बिघाडानं मारलं आणि त्याच बिघाडाच्या पुढच्या पायरीनं उठवलं. तुमच्या आईबाबांपेक्षाही कदाचित वयानं मोठा असलेला हा उपग्रह महाबळेश्वरवरूनही जातो.

तर, यात शिरायचं कसं? बारा वर्षं पूर्ण झाली की भारतात हॅमची परीक्षा देता येते. ती घेतं केंद्र सरकारचं दूरसंचार खातं. थोडी वीज, थोडा रेडिओ, थोडे नियम, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची टिकटिक. परवाना हातात येईपर्यंत रेडिओवर बोलायचं नाही म्हणजे नाही. ती गंमत नव्हे, गुन्हा आहे. तोवर जवळपासच्या परवानाधारक हॅमकाकांच्या किंवा हॅममावशींच्या शेजारी बसा आणि ऐका. पुणे-मुंबईत त्यांचे गट आहेत. आपत्तीच्या वेळी हीच मंडळी धावून जातात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅमचं एक पथक योगायोगानं पोर्ट ब्लेअरमध्येच होतं. फोन बंद पडल्यावर अंदमानातून निरोप बाहेर पोचवायचं काम त्यांनी केलं.

एखादा उपग्रह तुमच्या गावावरून केव्हा जाणार, याचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. तो कुठे उगवणार, किती वर चढणार, कुठे मावळणार, सगळं मिनिटासकट. ते वहीत उतरवून घ्या. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेला किंवा दक्षिणेकडून उत्तरेला जातात, म्हणून त्या दोन्ही बाजू मोकळ्या असलेली जागा निवडा. महाबळेश्वरच्या दाट जांभळीच्या रानात उभं राहून काही हाती लागणार नाही. ओली झाडं सत्तर सेंटिमीटरची लहर चांगलीच गिळतात. पाचगणीचं टेबललँड उत्तम, चहूकडे आभाळच आभाळ. कठड्यांच्या पॉइंटवरच जायचं असेल तर यागी अँटेना दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि खाऊची पिशवी मुळीच आणू नका. तिथली माकडं आधी पिशवी नेतात, मग 'हे काय आहे बुवा' म्हणून अँटेनाकडे वळतात. आणि दहा मिनिटांचा उपग्रह काही त्यांच्याशी वाटाघाटी संपेपर्यंत थांबत नाही!